दोनदा गाळलेलं पाणी

अण्णांनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. मलाच काय, कुपवाडच्या त्या कारखान्यात त्यांनी कुणालाच नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. माणूस ज्या गावचा, ते गाव हेच त्याचं नाव. जतहून आलेला फिटर ‘जत’, पॅकिंगवरच्या मावशी ‘कवलापूर’ आणि पुण्यात शिकून आलेला त्यांचा सख्खा पुतण्या ‘पुणं’. आमचा माल घेणारी परदेशातली कंपनी म्हणजे ‘युरोप’. "युरोपचा फोन आला काय गं?" असं त्यांनी मोठ्यानं विचारलं की नवख्या माणसाला वाटायचं, सगळा खंड लाइनवर ताटकळत उभा आहे.

मी ‘लोणंद’. मुलाखतीला गेले तेव्हा केमिस्ट्रीची पदवी, आधीच्या नोकरीचा दाखला असं सगळं टेबलावर मांडलं होतं. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"लोणंद म्हंजे कांद्याचं लोणंद?"

मी हो म्हटलं. अण्णा जैन. कांदा-लसूण सोडाच, बटाटाही त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत नव्हता. जरा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "आमी कांदा खात न्हाई. तुमचं तर कांद्याबिगर पान हलत नसंल. कसं जमायचं?"

"मी माझा डबा लांब बसून खाईन, तुम्ही त्यात डोकावायचं नाही. जमेल की."

पुणं शेजारी बसला होता, त्यानं कपाळाला हात लावला. अण्णा मात्र खूश झाले. पगार किती, सुट्ट्या किती हे मला नंतर पुण्यानं सांगितलं. अण्णांच्या लेखी मुलाखत डब्यावरच संपली होती.

आम्ही डेअरीच्या पाइपात बसणाऱ्या स्टीलच्या जाळ्या बनवायचो. दूध जाळीतून पुढं जातं, कचरा मागं राहतो. अण्णांनी आयुष्यभर हाच धंदा केला, आणि मला तर वाटतं त्यांनी तो निवडलाच नाही, तो त्यांच्या स्वभावातून निघाला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेलं पांढरं जाड कापड असायचं. पाणी प्यायचं झालं की कापड दुहेरी करून भांड्यावर धरायचं, पाणी गाळायचं, मग प्यायचं. जैनांच्या घरी पाणी गाळून पितात, सूर्य मावळायच्या आत जेवतात, हे सांगलीकडच्या कुणालाही ठाऊक आहे. पण अण्णांचं सगळंच चार बोटं जास्त. सीलबंद बाटलीचं पाणीही ते गाळायचे. गाळलेलं पाणी ठेवलं तर काही वेळानं परत गाळावं असं त्यांच्यात सांगितलंय म्हणतात. अण्णा समोर गाळलेलंही परत गाळायचे.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. आमचं घर बौद्ध. पाण्याच्या बाबतीत आमच्या माणसांना पटकन टोचतं, आणि तसं टोचायला आमच्याकडे कारणंही भरपूर आहेत. मी काम करायचे त्या कारखान्याच्या लॅबमध्ये अण्णा दिवसातून चारदा यायचे, तेव्हा मी एक धुतलेलं कापड आणून त्यांच्यासाठी पाणी गाळून ठेवायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातून ग्लास घेतला, खिशातून कापड काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तेच पाणी परत गाळलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"अण्णा, स्पष्ट विचारते. माझ्या हातचं म्हणून परत गाळता का?"

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. संध्याकाळी, ऊन असतानाच, मला त्यांच्या घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी आमच्यासमोर पाणी गाळून अण्णांच्या पुढ्यात तांब्या ठेवला. अण्णांनी खिशातून कापड काढलं आणि काकूंचं पाणीही गाळलं.

काकू मला म्हणाल्या, "बघितलंस? लग्न होऊन आले तवापासनं हेच हाय. आधी मी लय रडले. आता माझं मी गाळते, त्यांचं ते गाळतात."

"म्हंजे लोणंद," अण्णा म्हणाले, "माझा भरवसा कुणावरच न्हाई. त्यात जातबीत काय न्हाई."

मी त्या दिवशी पोटभर जेवले. राग गेला, पण ग्लास परत परत गाळला जाताना बघायला कुणालाच आवडत नाही, तसं मलाही आवडलं नाही.

आता गंमत बघा. स्वतः असा असलेला हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीवर चिडत आला. ती गोष्ट म्हणजे युरोप आमचा माल परत तपासायचा.

आमच्याकडे प्रत्येक लॉटच्या जाळ्या कोमट आंबट पाण्यात ठेवून तपासल्या जायच्या. दुधात उतरू नये असं काही त्या पाण्यात उतरलं का, ते बघायचं. इथला अहवाल जोडून माल जहाजात जायचा. तिकडच्या बंदरात उतरला की तिकडची प्रयोगशाळा तीच जाळी तशाच पाण्यात ठेवून तीच तपासणी करायची. तोपर्यंत कंटेनर पडून. खर्च आमच्या माथी, उशीर खरेदीदाराच्या माथी. मग खरेदीदार म्हणायचा, त्यापेक्षा जवळच्या देशातला माल बरा. असे दोन मोठे खरेदीदार अण्णांनी माल उत्तम असूनही गमावले होते.

"पाणी तेच, जाळी तीच," अण्णा टेबलावर बोट आपटत म्हणायचे. "मग इथं पास झालेली जाळी समुद्र ओलांडला की कच्ची हुती काय?"

यावर उपाय म्हणून त्यांनी घराशेजारचा प्लॉट विकला आणि कारखान्यातच प्रयोगशाळा काढली. त्या प्लॉटवर बंगला होणार म्हणून काकूंनी खिडक्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. सरकारी मान्यतेसाठी अण्णांनी दिल्लीला खेटे घातले, यंत्रं आणली, मला आणलं. मान्यता मिळाली. युरोप म्हणाला, छान, अभिनंदन, पण आम्ही परत तपासणारच. औद्योगिक वसाहतीतले लोक हसायचे. अण्णांनी बंगल्याऐवजी बाटल्या मांडल्या, असं चहाच्या गाड्यावर बोललं जायचं. पुणं तर सरळ म्हणायचा, या वर्षात लॅबचा अहवाल तिकडं चालला नाही तर लॅब बंद करायची आणि त्या जागेत पत्रा दाबायचा नवा प्रेस बसवायचा. त्याचं चूक नव्हतं. आणि लॅब बंद म्हणजे मी लोणंदच्या गाडीत.

अशात आपल्या देशाचा आणि युरोपचा व्यापाराचा करार झाल्याची बातमी आली. सांगलीत एका हॉटेलात उद्योजकांची सभा झाली. अण्णा मला सोबत घेऊन गेले. व्यासपीठावरचे साहेब कर किती कमी होणार ते सांगत होते, खाली बसलेले द्राक्षवाले, बेदाणेवाले, हळदवाले खुशीत माना डोलवत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तशी अण्णा उठले. त्यांनी प्रश्न विचारला नाही. थेट व्यासपीठावर चढले, साहेबांच्या पुढ्यातली पाण्याची बाटली उचलली, खिशातून कापड काढलं आणि सगळ्यांसमोर साहेबांचं पाणी साहेबांच्याच ग्लासात गाळलं.

"वाईट वाटलं का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

साहेब गोंधळले. सभा हसायला लागली.

"कर कमी केला, लय झ्याक केलं. पर आमी गाळलेलं त्यांनी परत गाळायचं, ह्ये कवा थांबायचं तेवढं सांगा."

साहेब चांगले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की करारानं ती वाटही उघडली आहे. एकीकडच्या मान्य प्रयोगशाळेचा अहवाल दुसरीकडे मानता येईल, पण ते एकदम होणार नाही. विश्वास बसेल तसतसं होईल.

परतताना गाडीत मी म्हटलं, "अण्णा, साहेबांचं पाणी गाळलंत, ते झालं. पण काकूंचं गाळता, माझं गाळता, आणि युरोपनं तुमचं गाळलं की चिडता. हे काय कळलं नाही."

अण्णांनी खिशातलं कापड चाचपलं. मग म्हणाले, "माझं गाळणं निराळं हाय."

"निराळं कसं?"

"ते मलाबी सांगता येईना झालंय. गप बस."

एवढ्या बोलक्या माणसाला मी पहिल्यांदाच गप्प केलं होतं. मला फार बरं वाटलं.

काही महिन्यांनी आमचा खरेदीदार तयार झाला. एक कंटेनर फक्त आमच्या अहवालावर पाठवा, म्हणाला. ते एक नमुना घेऊन शेवटचं पडताळून बघणार होते. त्यांचं आणि आमचं जुळलं तर पुढं दुसरी तपासणी कायमची बंद. अण्णा त्या दिवसापासून जमिनीवर चालत नव्हते.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा थाटात व्हायची. मला त्यात कुणी ओढलं नाही. आमच्या घरात कुंकवाची डबी नाही हे अण्णांना माहीत होतं. ते पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "लोणंद, तू तुझं मशीन पुसून ठेव. तीच तुझी पूजा." नवा माल निघायचा त्या दिवशीही छोटी पूजा असायची, ती मात्र खोक्याची. खोक्यावर कुंकवाचं बोट, नारळ, पेढे, आणि ट्रक हलायचा. हा कंटेनर भरायच्या दिवशी मी लॅबमध्येच होते. शेडमधून टाळ्या ऐकू आल्या, पेढा टेबलावर आला. मी तो खाल्ला आणि कामाला लागले.

लॉटमधली पहिली जाळी, मधली एक आणि शेवटची, अशा तीन जाळ्या तपासायच्या, हा नियम अण्णांनीच घालून दिलेला. कवलापूरच्या मावशींनी तिन्ही जाळ्या आणून दिल्या. मी त्या आंबट पाण्यात ठेवल्या. ठरलेला वेळ झाल्यावर बघते तर एका भांड्यातलं पाणी गुलाबी.

आधी मला वाटलं भांडंच खराब असेल. भांडं बदललं, नवं पाणी घेतलं. परत गुलाबी. फिकट, पण दिसण्याइतकं. बाकीच्या दोन्ही भांड्यांत काहीच नाही. गुलाबी पाणी पहिल्या जाळीचं होतं. भिंगाखाली धरली तर विणीत लाल कण अडकलेले.

मी मावशींना विचारलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. "आवं, अण्णांनी आज खोकं उघडायला लावलं. म्हणाले, एवढा मोठा दिवस हाय, आज पुठ्ठ्याला न्हाई, मालालाच कुकू लावायचं. सोताच्या अंगठ्यानं पैल्या जाळीला लावलं बघा. मी नंतर पुसली की चांगली!"

मावशींनी पुसलं होतं वरून. कुंकू विणीत बसलं होतं. बाजारातलं कुंकू म्हणजे रासायनिक रंग, तो दुधात उतरला तर जाळी नापास, त्यात चर्चेला जागाच नाही. शिवाय पूजेचं ताट उघड्या खोक्यावर धरलं होतं म्हणजे बाकीच्या जाळ्यांवर काय सांडलं कुणास ठाऊक.

पुणं आला. भांडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "ही जाळी बाजूला काढ," तो म्हणाला. "दुसरी घे, तपास, अहवाल पाठव. ट्रक गेटवर उभा आहे."

"नियम पहिल्या जाळीचा आहे."

"अगं, पण आज हे कळवलं तर ते म्हणतील, बघा, यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. दुसरी तपासणी कायमची बसेल आपल्या मानगुटीवर. तुझी लॅब जाईल, कळतंय का तुला?"

मला चांगलंच कळत होतं. मी भांडं उचललं आणि अण्णांकडे गेले. संध्याकाळचं ऊन उतरत आलं होतं, अण्णांच्या पुढ्यात घरून आलेला डबा होता. त्यांनी पहिला घास घ्यायला हात पुढं केला होता. मी गुलाबी पाणी त्यांच्यासमोर ठेवलं. काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. नखाच्या कडेला अजून लाल होतं.

"ह्ये माझंच की," ते म्हणाले.

पुणं मागून आलाच होता. त्यानं परत तेच सगळं सांगितलं, घाईघाईनं आणि काकुळतीला येऊन. अण्णांनी डब्याचं झाकण लावलं.

"इतकी वर्सं मी बोंबलत आलोय, आमच्या तपासणीवर भरवसा ठेवा म्हणून. आन आज तपासणीनं मलाच धरलं, तर तिचं तोंड दाबू? मग त्ये परत गाळतात त्येच बराबर हाय की, पुण्या."

"अण्णा, सगळं जाईल."

"जाऊ दे. ट्रक आत घे. लोणंद, युरोपला फोन लाव."

फोनवर तिकडच्या गुणवत्ता विभागाच्या बाई होत्या. पुण्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, ‘पॅकिंगचा रंग’ असं सांग. अण्णा म्हणाले, "न्हाई. कुकू म्हंजे काय ते सांग तिला. आमच्यात चांगल्या गोष्टीला लावतात, पर खाण्यात घालत न्हाईत, असं सांग. आन मी माझ्या अंगठ्यानं लावलं असंबी सांग."

मी माझ्या इंग्रजीत ते सगळं सांगितलं. कुंकवाला तिकडे शब्द नाही, माझी चांगलीच दमछाक झाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, हे नेमकं कुणी केलं?

"कारखान्याच्या मालकांनी."

"आणि पकडलं कुणी?"

"त्यांच्याच लॅबनं."

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग एकेक करून विचारत गेल्या. किती जाळ्या धुणार, कशा धुणार, परत किती तपासणार, पूजा यापुढे कुठं होणार. अण्णा माझ्या खुर्चीच्या मागं उभं राहून प्रत्येक प्रश्नाला मराठीत उत्तर देत होते आणि मी ते पुढं ढकलत होते. फोन ठेवला तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. अण्णांचा डबा तसाच बंद. सूर्य मावळल्यावर ते खाणार नव्हते, आणि त्यांनी डब्याकडे बघितलंही नाही. मला त्या क्षणी त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि मी तो त्यांना तिथंच बोलून दाखवला.

"अभिमान ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सकाळी लवकर ये. धुवायचं लय हाय."

दुसऱ्या दिवशी अख्खा लॉट धुतला. अण्णा बाह्या वर करून टाकीपाशी उभे होते, जत आणि कवलापूर त्यांच्या दोन्ही बाजूंना. पुणंही इस्त्रीचा शर्ट सांभाळत आला आणि थोड्याच वेळात चिंब झाला. जहाज चुकलं, माल पुढच्या जहाजानं गेला. या वेळी अहवाल माझा होता आणि त्यात पहिल्या जाळीची गुलाबी गोष्टही होती, कारण अण्णांनी ती लिहायला लावली होती.

तिकडे नमुना तपासला गेला. आमच्या आणि त्यांच्या आकड्यांत फरक नव्हता. त्यानंतर काही दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. यापुढे तुमच्या लॅबचा अहवाल पुरे, आमच्याकडे परत तपासणी होणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि त्यांनी अण्णांच्या अंगठ्याची चौकशी केली.

नंतर मी लोणंदकडच्या खंडाळ्याजवळ, जाळ्याच बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत गेले. इथं लॅब भली थोरली आहे, माणसांना नावं आहेत. पण नव्या पोरींना काम शिकवताना मी सगळ्यात आधी लॉटमधली पहिली जाळी मागवते. तसं का, हे त्या विचारतात, आणि मग अण्णा निघतात.

त्या बाईंचा फोन आला त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटणं चाललं होतं. खोक्यांना हार घातले होते, कुंकवाची डबी मावशींनी कुलपात ठेवली होती. अण्णा त्या गर्दीतून निघून लॅबमध्ये आले आणि स्टुलावर बसले. घामानं सदरा ओला झाला होता.

"लोणंद, पाणी दे गं."

मी कापड धरलं, पाणी गाळलं आणि ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलं. मी नेहमीसारखी दुसरीकडे बघायला लागले.

"गाळलंयस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"गाळलंय."

कापडाचं टोक त्यांनी परत खिशात सरकवलं, ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग रिकामा ग्लास माझ्यापुढे करत म्हणाले, "आणि थोडं दे."